ल्यूटवाला, पाटीवरची सरस्वती आणि "हे काय काढलंय?"

सुरसागरकाठी | शनिवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात आमच्या हॉलच्या भिंतीवर एक प्रिंट लागली. स्पॅनिश चित्रकार जोआन मिरोचं 'डच इंटिरिअर १', १९२८ सालचं. लेकीने वाढदिवसाला दिली. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि ते फार मोठं नाही, साधारण ९२ बाय ७३ सेंटिमीटर.

चतुर्थीला घरी माणसं आली. आरती झाली, मोदक झाले आणि मग एकेकाचं लक्ष भिंतीकडे गेलं. मावशी म्हणाली, "हा पक्षी आहे का गं?" भाऊजींनी विचारलं, "उलटं तर नाही ना लावलंत वहिनी?" भाचा म्हणाला, "मॉडर्न आर्ट आहे, त्यात समजायचं नसतं."

मावशी आणि भाऊजी निदान बघत तरी होते. भाच्याचं वाक्य मात्र मनाला लागलं. मी बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे आणि हेच वाक्य पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर नीट लिहावंसं वाटतं. घरी तेव्हा बोलता आलं नाही, पानं वाढायची होती.

आधी चित्रामागची गोष्ट. १९२८ मध्ये मिरो हॉलंडला जाऊन आला. तिथे त्याने सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची घरगुती चित्रं पाहिली: खिडकीतून येणारा उजेड, टेबलावरचं कापड, कोपऱ्यातलं कुत्रं, सगळं हात लावून बघावं असं. येताना त्याने त्या चित्रांची पोस्टकार्डं आणली. त्यातलं एक हेंड्रिक सोर्ख या चित्रकाराचं 'ल्यूटवादक', १६६१ चं. एक तरुण ल्यूट (जुनं युरोपियन तंतुवाद्य) वाजवतोय, टेबलाशी बसलेली बाई ऐकतेय, बाहेर अ‍ॅमस्टरडॅमचा कालवा दिसतोय, खाली एक कुत्रं आणि एक मांजर. अगदी शांत दुपार.

मिरोने ते पोस्टकार्ड समोर ठेवलं आणि त्या खोलीचं काय केलं बघा. ल्यूट फुगून चित्राच्या मधोमध आली. वाजवणाऱ्याचं डोकं एका मोठ्या पांढऱ्या आकारात गेलं आणि त्यात एक लाल तोंड उरलं. बाई आकसली. कुत्रं, मांजर, खिडकी सगळं आहे, पण प्रत्येकाने आपापल्या मनासारखा आकार घेतलाय. मागे हिरवी भिंत आणि तपकिरी जमीन, दोन्ही सपाट, सावली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: सोर्खने ती खोली डोळ्यांनी मोजली, मिरोने कानांनी मोजली. खोलीत कोणी वाजवायला बसलं की आपल्यालाही वाद्यच सगळ्यात मोठं वाटतं ना? टेबल मागे जातं, भिंत मागे जाते. त्या वेळी ल्यूटचा खरा आकार तेवढाच असतो. मिरोने तो तसाच काढला. यात खेळकरपणा आहे, पण थट्टा नाही. पोरं भातुकली मांडतात तेव्हा भाताच्या जागी वाळू असते, पण वाढताना हात पूर्ण मनापासून चालतो. तसं.

तुम्हाला हे चित्र कसं वाटतं? नेटवर सहज सापडेल, मोठं करून बघा आणि मग लिहा.

---

मांडवीकर | शनिवार, रात्री १०:२५

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. चित्र उघडून दहा मिनिटं पाहिलं. रंग आवडले. पण मला दर वेळी एकच अडचण येते. आपल्या बडोद्याच्या कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांची भिंतचित्रं मी लहानपणापासून बघतोय. ती गंगावतरणाची भिंत बघितली की माणसाने किती काम केलंय ते दिसतं, रेषेत दिसतं. इथे ती मेहनत मला दिसत नाही. मिरोला अतिवास्तववादी म्हणतात आणि अतिवास्तववाद म्हणजे मनात येईल ते, स्वप्नात दिसेल ते कागदावर सोडायचं, असं वाचलंय. मग स्वप्न मलाही पडतात. फरक काय राहिला?

भांडायला लिहीत नाहीये. खरंच कळून घ्यायचंय.

---

गायनवेडी | शनिवार, रात्री १०:५८

वाचतेय. कानांनी मोजलेली खोली, हे फार आवडलं. सविस्तर उद्या.

---

पुष्पबाग | रविवार, सकाळी ७:१५

मांडवीकर दादा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. त्याचं उत्तर याच चित्राच्या कागदपत्रांत आहे, म्हणून जरा लांबवर लिहितो. मी फाइन आर्ट्सला पेंटिंग शिकलोय.

फ्रेंच कवी आंद्रे ब्रतोंने १९२४ मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला आणि त्यात खरोखरच तुम्ही म्हणता तशी गोष्ट होती: बुद्धीचा पहारा उठवून मनाला आपोआप चालू द्यायचं. या मंडळींचा एक खेळही होता. कागदाची घडी घालायची, एकाने डोकं काढायचं, घडी मुडपून पुढच्याला द्यायचा, त्याने न बघता धड काढायचं, तिसऱ्याने पाय. शेवटी कागद उलगडला की एक असा देह निघायचा जो एकट्याला कधी सुचला नसता. आपण लहानपणी 'कोण, कोणाबरोबर, कुठे, काय करतो' अशा चिठ्ठ्या घड्या घालून फिरवायचो, तोच हा खेळ, पण चित्रांचा. मिरोही त्यात बसलेला आहे. याच गटातल्या इव्ह तांगी, मॅन रे आणि माक्स मोरीझ यांच्याबरोबर त्याने काढलेला असा एक कागद आजही जपलेला आहे.

पण 'डच इंटिरिअर' असं झालेलं नाही. पोस्टकार्डापासून कॅनव्हासपर्यंत मिरोने कितीतरी रेखाटनं केली. आधी सोर्खच्या चित्रातल्या वस्तू एकेक करून उतरवल्या. मग पुढच्या कागदावर त्यांना थोडं वाकवलं. पुढच्या कागदावर आणखी. शेवटी चित्राचं पूर्ण आरेखन केलं आणि त्यावर चौकटी आखल्या. चौकटी, दादा! आपण शाळेत नकाशा मोठा करायला आखायचो तशा. म्हणजे ल्यूटवाल्याचं डोकं कुठे संपतं, कुत्र्याची शेपटी कुठे वळते, हे सगळं मोजून कॅनव्हासवर गेलंय. उन्हाळ्यापासून वर्षअखेरपर्यंत तो या चित्रावर काम करत होता.

ही मेहनत पटकन दिसत नाही, कारण ती लपावी याचीही मेहनत त्याने घेतली आहे. चांगली लावणी नाचणारी बाई धापा टाकताना दिसत नाही. तिने किती पहाटे पाय आपटलेत हे आपल्याला कळायचं कारण नसतं.

आणखी एक. असं त्याने एकदाच केलेलं नाही. 'डच इंटिरिअर' तीन आहेत. दुसरं यान स्टीन या डच चित्रकाराच्या एका चित्रावरून, ज्यात मुलं मांजराला नाचायला शिकवताहेत. ते व्हेनिसला पेगी गुगनहाइम संग्रहात आहे. तिसरं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये. एकच गंमत सुचली आणि झाली, असं असतं तर माणूस तीनदा त्याच वाटेने गेला नसता.

---

मांडवीकर | रविवार, सकाळी ९:०२

चौकटींचं माहीत नव्हतं. ती रेखाटनं शोधून बघतो. मग लिहितो.

---

रावपुरा_वाडा | रविवार, सकाळी ११:३०

सुंदर धागा. मला एक शब्द घुटमळतोय. हे चित्र 'अमूर्त' म्हणायचं का? ल्यूट ओळखू येते, कुत्रं ओळखू येतं. मग मूर्तच की.

---

सुरसागरकाठी | रविवार, दुपारी १२:१०

रावपुरा, मी शिकवताना 'अमूर्त' आणि 'अमूर्तन' असे दोन शब्द वेगळे ठेवायचे. अमूर्त म्हणजे ज्यात वस्तू उरलेली नाही. अमूर्तन ही क्रिया आहे: वस्तूतून काय काय काढून घेतलं तरी ती वस्तू राहते, हे बघत बघत जायचं. मिरो स्वतः म्हणायचा की त्याच्या चित्रातला आकार कधीच नुसता आकार नसतो, ती कशाची तरी खूण असते. माणसाची, पक्ष्याची. मग हे वाचून मावशीच्या "पक्षी आहे का गं" या प्रश्नाकडे परत गेले आणि वाटलं, तिने अगदी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. ती खूण वाचत होती.

याच मंडळींच्या आसपासचं आणखी एक चित्र बघा, पिकासोचं 'अ‍ॅक्रोबॅट', १९३०. डोंबाऱ्यासारखा कसरत करणारा माणूस, पण त्याला धडच नाही. हात, पाय आणि डोकं थेट एकमेकांना जोडलेले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोन मिनिटं धड शोधत होते. मग कळलं की कसरत बघताना आपण कुणाचं पोट बघतच नाही! हात कुठे गेला, पाय कुठून आला, डोकं खाली कधी झालं, एवढंच बघतो. पिकासोने आपण न बघितलेला भाग वगळला आहे. फोन फिरवून चारी बाजूंनी बघा, माणूस पडत नाही.

शाळेत सातवीच्या मुलांना मी हे दाखवायचे आणि सांगायचे, आता धावणारी मुलगी काढा पण जे दिसत नाही ते काढायचं नाही. एकीने फक्त दोन वेण्या आणि एक चप्पल काढली होती. ती चप्पल मागे सुटून पडलेली. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

---

न्यूजर्सीकर_मूळ_बडोदा | रविवार, संध्याकाळी ६:४५

ताई, मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलंय. फोटोत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे कडा. रंग इतके सपाट आणि कडा इतक्या नेमक्या की आपण नकळत जवळ जातो. तिथे केसासारख्या बारीक रेषा भेटतात. लांबून दंगा वाटतो आणि जवळून सोनाराचं काम.

त्या दिवशी शेजारी एक छोटी मुलगी बापाला एकेक वस्तू दाखवून नाव सांगत होती. बाप ऐकत होता. मी पण तिचं ऐकत बघितलं, तेव्हा मला अर्ध्या गोष्टी दिसल्या.

इथे बसून वाचताना दांडिया बाजारातलं घर आठवलं.

---

आजीची_पाटी | रविवार, रात्री ८:२०

मी चित्रकलेतली जाणकार नाही, वय अठ्ठ्याहत्तर. सून वाचून दाखवते आणि मी सांगते ते टाइप करते.

तुम्ही सगळे परदेशातल्या चित्रांचं बोलताय ते छानच, पण हे आपल्या घरात नव्हतं का? चैत्रात आम्ही अंगणात चैत्रांगण काढायचो. त्यात गौर कशी असते? दोन त्रिकोण, त्याला हात, वर एक गोल, आणि ती पाळण्यात. झाली गौर. शेजारी सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, कासव, शंख, कमळ, हत्ती. हत्ती पावलाएवढा आणि गोपद्मंही तेवढीच. कुणी म्हणायचं नाही की हत्ती लहान का. तिथे प्रत्येक वस्तू आपल्या मानाप्रमाणे बसायची, मापाप्रमाणे नाही.

आणि दसऱ्याला पाटीवरची सरस्वती! ती तर नुसत्या एकांची. १, १, १ असे एक ओळीने काढायचे, वर निमुळते होत जायचे, आणि आकड्यांतून देवी उभी राहायची. ना डोळे, ना नाक. तरी पाटीवर झेंडू आणि आपट्याचं पान ठेवताना कुणाच्या मनात आलं का, की ही सरस्वती दिसत नाही म्हणून?

---

पुष्पबाग | रविवार, रात्री ९:०५

आजी, नमस्कार. कॉलेजात आम्हाला चार वर्षांत जे समजावलं ते तुम्ही एका पाटीवर दाखवलंत.

आकड्यांपासून देवी! अक्षर ओळखायला शिकलेलं पोर त्याच अक्षराने विद्येच्या देवतेचं अंग घडवतं. चित्राचं साहित्य आणि चित्राचा विषय एकच झाले. याहून मोठं अमूर्तन मला सांगता येणार नाही.

आपल्या बडोद्यात हा धागा तुटलेला नव्हता, हेही सांगायला हवं. १९५० मध्ये फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली. पेंटिंगला ना. श्री. बेंद्रे होते, इंदूरचे, मराठी. पुढच्या वर्षी के. जी. सुब्रमण्यन आले, ज्यांना सगळे मणी सर म्हणायचे. ते शांतिनिकेतनात शिकलेले, आणि त्यांना लोककलेतला खेळ आणि आधुनिक चित्र यांत भिंत मान्य नव्हती. फॅकल्टीत फाइन आर्ट्स फेअर भरायचा, त्यात शिक्षक आणि विद्यार्थी स्वतः बनवलेल्या वस्तू विकायचे. मणी सरांनी त्यासाठी लाकूड, मणी, चामडं यांची खेळणी केली. माणूस, घोडा, पक्षी, सगळे चार-पाच तुकड्यांत. एक लाकडी गोळा म्हणजे डोकं, एक मणी म्हणजे डोळा, आणि बास, तो प्राणी तुमच्याकडे बघायला लागतो. पुढे त्यांनी काचेवर उलट्या बाजूने चित्रं रंगवली, त्यातल्या बायका, माकडं, मांजरी बघा. मिरोचा ल्यूटवाला तिथे शेजारी म्हणून सहज राहिला असता.

---

गायनवेडी | सोमवार, सकाळी १०:४०

काल लिहिते म्हणाले होते, आज लिहिते. मी गाणं शिकवते, त्यामुळे मी या चित्रात ल्यूटपेक्षा त्या आकसलेल्या बाईकडे जास्त वेळ बघितलं.

पहिल्यांदा वाईट वाटलं. ऐकणारीला एवढंसं केलं, वाजवणाऱ्याला एवढा मोठा. पण मग मैफल आठवली. बडोदा म्हणजे फैयाज खाँसाहेबांचं गाव. माझ्या गुरूंनी त्यांना लहानपणी ऐकलं होतं. त्या सांगायच्या की खाँसाहेबांनी आ लावला की आपण किती लहान आहोत ते कळायचं, आणि ते लहान होणं फार सुखाचं असायचं. श्रोता खरोखर लागला की तो आकसतोच. अंग चोरून बसतो, श्वाससुद्धा सांभाळून घेतो. मला तर आता ती बाई चित्रातली सगळ्यात तल्लीन व्यक्ती वाटते.

---

मांडवीकर | सोमवार, रात्री ९:५०

रेखाटनं पाहिली. पुष्पबाग, तुमचं म्हणणं मान्य. त्या चौकटींचा कागद बघून मी दोन दिवसांपूर्वीचं 'मेहनत दिसत नाही' हे वाक्य मागे घेतो. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना त्या माणसाची मान हळूहळू कशी विरघळते ते बघणं, हा मला मिळालेला मोठा आनंद. अख्खी संध्याकाळ त्यात गेली, बायकोलाही बसवलं.

पण गायनवेडी ताई, बाईबद्दल मला तुमचं पटत नाही. सोर्खच्या चित्रात ती टेबलावर कोपर टेकून बसलीय, स्वतःच्या विचारात. ती ऐकतही असेल आणि नसेलही. त्या अनिश्चितीतच तिचं वजन होतं. मिरोने ते काढून घेतलं. वाद्य मोठं करायला त्याला कुणाची तरी जागा लागली आणि ती त्याने तिची घेतली. माझी आई सतार ऐकायला बसायची तेव्हा हातात नेहमी भाजी निवडायला असायची. ती आकसायची नाही. तिच्या निवडण्याचा वेग बदलायचा, आणि त्यावरून आम्हाला कळायचं की आता गत, म्हणजे तालातली बंदिश, सुरू झाली. ते चित्रात कसं आलं असतं, याचा कालपासून विचार करतोय.

---

गायनवेडी | सोमवार, रात्री १०:१५

निवडण्याचा वेग. दादा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या आईंचं चित्र कुणीतरी काढायला हवं.

---

सुरसागरकाठी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

आज भाचा आला होता, "समजायचं नसतं" म्हणणारा. मी काही बोलले नाही. फोनवर सोर्खचं चित्र उघडून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, यातलं काय काय भिंतीवर सापडतं ते शोध. पाऊण तास उभा होता. कुत्रं सापडलं, मग मांजर, मग खिडकी. बाई सगळ्यात शेवटी. "ही इथे आहे होय!" असं ओरडलाच.

मग त्याने विचारलं, "मामी, ल्यूटवाल्याचे पाय कुठेत?" आम्ही दोघं मिळून शोधतोय.

आजी, तुमच्यासाठी एक प्रश्न. काल रात्री पाटी काढून सरस्वती काढायला बसले. खालची ओळ जमली, दोन्ही बाजू निमुळत्या जमल्या, पण वर टोकाशी किती एक घ्यायचे ते हाताला आठवेना. आमच्याकडे तीन घेत असावेत असं वाटतं, नणंद म्हणते पाच. तुमच्याकडे किती?

---

आजीची_पाटी | मंगळवार, रात्री ८:४५

आमच्याकडे एक. सगळ्यात वर एकच, आणि तो बाकीच्यांपेक्षा जरा मोठा काढायचा. सूनबाईंना पाटीवर काढून दाखवलाय, त्या फोटो टाकतील.